सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलं आणि आपण गेलो तर? साथीचे प्रवास-इशारे आणि कॅनडातला प्रवास विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरीच्या दुधाची रांग असो की गणपतीच्या महाप्रसादाची, कॅनडातल्या मराठी माणसांत दोन विषय हमखास निघतात. एक, भारताचं तिकीट कितीला मिळालं. दुसरा, विमा घेतलाय का आणि तो खरंच कामाला येईल का. २०२० पासून दुसऱ्या विषयाला एक शेपूट जोडलं गेलं : सरकारने इशारा दिलेला असेल तर काय? खालचे प्रश्न गेल्या काही वर्षांत ज्या पद्धतीने कानावर आले तसेच ठेवले आहेत. उत्तरं कॅनडात राहणाऱ्यांना धरून आहेत. तुमच्या पॉलिसीतलं कलम वेगळं असेल, तर तेच खरं.

प्रवास-इशारा म्हणजे बंदी का?

नाही. कॅनडा सरकार आपल्या नागरिकांना बाहेर जायला सहसा अडवत नाही, सल्ला देतं. परराष्ट्र खातं, म्हणजे ग्लोबल अफेअर्स कॅनडा, प्रत्येक देशाचं एक पान ठेवतं आणि त्यावर चारपैकी एक पातळी असते : नेहमीची काळजी घ्या, खूप सावध राहा, अनावश्यक प्रवास टाळा, कोणताही प्रवास टाळा. साथीच्या आजारांसाठी पब्लिक हेल्थ एजन्सी ऑफ कॅनडाच्या आरोग्य-सूचना वेगळ्या असतात आणि त्यांच्याही अशाच चार पायऱ्या आहेत.

विमानतळावर तुम्हाला कुणी अडवणार नाही. चेक-इनच्या काउंटरवरही कुणी विचारणार नाही. म्हणूनच गफलत होते. सरकारसाठी जो नुसता सल्ला आहे, तो विमा कंपनीने आपल्या पॉलिसीत अट म्हणून उचललेला असतो. सल्ला मोडला म्हणून दंड होत नाही. पण तिकडे आजारी पडलात तर हॉस्पिटलचं बिल तुमच्याच नावावर येतं.

कोणत्या पातळीपासून विम्याला धक्का लागतो?

साधारणपणे तिसऱ्या आणि चौथ्या. पहिल्या दोन पातळ्यांमुळे आजारपणाच्या क्लेमवर सहसा परिणाम होत नाही. पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात झिकाचे रुग्ण सापडले तेव्हा बऱ्याच जणांनी घाबरून विचारलं होतं. ‘डास चावू देऊ नका’ या धर्तीची सूचना असेल, तर तेवढ्यावरून विमा जात नाही. गर्भवती असाल तर मात्र इशाऱ्याबरोबरच पॉलिसीतलं गर्भारपणाचं कलमही वाचा. शेवटचे काही आठवडे बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात.

२०२० मध्ये नेमकं काय घडलं होतं?

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक साथ म्हटलं. दोनच दिवसांनी, १३ मार्चला, कॅनडाने सगळ्या जगासाठी ‘अनावश्यक प्रवास टाळा’ असा इशारा काढला. तोवर असे इशारे एखाद्या देशापुरते असत. २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनपुरता होता. पॉलिसीतली कलमं लिहिली गेली होती ती असल्या प्रसंगांसाठी. ‘इशारा असलेल्या देशात गेलात तर’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा लांबचा देश असणार. १३ मार्चनंतर त्याच वाक्यात नाशिक, न्यू जर्सी आणि न्यूझीलंड, सगळंच आलं.

हा सरसकट इशारा ऑक्टोबर २०२१ मध्ये उठला. ओमायक्रॉन आल्यावर १५ डिसेंबर २०२१ ला पुन्हा लागला आणि २८ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा खाली आला. या तारखा आता जुन्या वाटतील, पण क्लेमचे वाद तारखांवरच होतात. १४ डिसेंबरला टोरांटोच्या पिअरसन विमानतळावरून उडालेलं कुटुंब आणि १६ डिसेंबरला उडालेलं कुटुंब एकाच लग्नाला गेलं असेल, एकाच कंपनीची पॉलिसी घेऊन गेलं असेल, तरी कागदावर दोघांची परिस्थिती वेगळी होती.

ज्या टोरांटोत बसून आपण हे वाचतो, ते गावही एकदा अशा यादीत होतं. २००३ मध्ये सार्सच्या वेळी, २३ एप्रिलला, जागतिक आरोग्य संघटनेने ‘टोरांटोला जाणं पुढे ढकला’ असं जगाला सांगितलं होतं. आठवड्याच्या आत मागे घेतलं, पण शहराला ते बरेच दिवस झोंबलं.

इशारा असताना गेलो तर अख्खा विमा रद्द होतो का? पाय मोडला तर?

हे पूर्णपणे कलमाच्या शब्दांवर आहे आणि दोन प्रकारची कलमं सापडतात.

पहिल्या प्रकारात म्हटलेलं असतं की निघण्यापूर्वी इशारा लागलेला असेल, तर त्या इशाऱ्याच्या कारणाशी संबंधित आजार किंवा इजा आम्ही भरून देणार नाही. इथे कारण महत्त्वाचं. इशारा कोविडचा आणि तुम्ही कोल्हापुरात जिन्यावरून पडलात, तर खुब्याचं ऑपरेशन विम्यात बसायला हवं. कोविड झाला तर नाही.

दुसऱ्या प्रकारात ‘कारणाशी संबंधित’ हे शब्दच नसतात. इशारा असलेल्या ठिकाणी झालेलं काहीही वगळलेलं. मग जिना काय आणि विषाणू काय, बिल तुमचंच.

दोन्ही पॉलिसींचं माहितीपत्रक सारखंच गोड दिसतं. शेवटच्या पानांवरची वगळलेल्या गोष्टींची यादी काढा आणि पीडीएफमध्ये ‘ॲडव्हायझरी’ हा शब्द शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. ज्याने पॉलिसी विकली त्याला विचारलंत तर तो म्हणेल, ‘काळजी करू नका, सगळं कव्हर होतं.’ त्याला म्हणा, हेच ईमेलवर लिहून द्या. तिथे आवाज बदलतो.

मी आधीच भारतात आहे आणि मग इशारा आला. आता?

ही त्यातल्या त्यात बरी परिस्थिती. बहुतेक पॉलिसी निघण्याच्या तारखेला काय स्थिती होती ते बघतात. तुम्ही निघालात तेव्हा इशारा नव्हता, तर मूळ मुदतीपर्यंत संरक्षण चालू राहायला हवं. पण मार्च २०२० मध्ये काही कंपन्यांनी, इशारा आल्यावर ठरावीक दिवसांत परत या, असं सांगितलं होतं. काही पॉलिसींत अशी मुदत आधीपासूनच लिहिलेली असते.

खरी पंचाईत झाली ती परत येता न आल्यामुळे. भारताने २२ मार्चच्या सुमारास आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली, मग टाळेबंदी लागली. दोन महिन्यांसाठी आलेले लोक अडकले आणि त्यांच्या पॉलिसीची मुदत संपत आली. विमान रद्द झालं किंवा लांबलं तर बहुतेक पॉलिसी आपोआप बहुधा ७२ तास वाढतात, महिनोन्महिने नाही. वाढवून घ्यायची असेल तर मुदत संपण्यापूर्वी फोन करावा लागतो, आणि मध्ये आजारी पडलेलं चालत नाही. त्या वेळी कॅनडा सरकारने परतीच्या खास विमानांची सोय केली, पण तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे होते. अडकलेल्यांसाठी ५,००० डॉलरपर्यंतची मदत होती. तीसुद्धा कर्ज म्हणून.

तिकीट आणि विमा आधी घेतला, इशारा नंतर आला, आणि मी अजून निघालो नाही. पैसे परत मिळतील?

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो, कारण ‘प्रवास विमा’ या एका नावाखाली दोन वेगळे विमे असतात. एक तिकडे आजारी पडलात तर उपचारांचा. दुसरा प्रवास रद्द करावा लागला तर बुडालेल्या पैशांचा. एकच इशारा या दोघांवर उलटसुलट काम करतो. उपचारांच्या विम्यात इशारा तुमच्या विरुद्ध जातो. रद्द करण्याच्या विम्यात तोच इशारा तुमच्या बाजूने उभा राहतो, कारण ‘खरेदीनंतर सरकारने तिसऱ्या किंवा चौथ्या पातळीचा इशारा दिला’ हे रद्द करण्याचं मान्य कारण असतं.

यातली ‘खरेदीनंतर’ ही अट सोडू नका. इशारा आधीच लागलेला असताना पॉलिसी घेतलीत, तर कंपनी म्हणणार, हे तुम्हाला माहीत होतं. पेटलेल्या घराचा विमा कुणी उतरवत नाही. इशारा नाही, नुसतीच धास्ती आहे, म्हणून जाणं रद्द केलंत, तरीही साधी पॉलिसी पैसे देत नाही. त्यासाठी कोणत्याही कारणाने रद्द करता येण्याचा वेगळा, महागडा पर्याय असतो आणि तोही पूर्ण रक्कम देत नाही.

२०२० मध्ये यात तिसरं भांडण शिरलं. विमान कंपन्यांनी पैशांऐवजी व्हाउचर दिले. विमा कंपन्या म्हणाल्या, व्हाउचर मिळालं म्हणजे तुमचं नुकसानच झालेलं नाही. ज्यांचं तिकीट वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी होतं, त्यांना पुढच्या वर्षीच्या व्हाउचरचं काय करायचं होतं? पण कागदावर कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने एअर कॅनडाला मदतीचं पॅकेज देताना प्रवाशांना पैसे परत करण्याची अट घातली, तेव्हा कुठे पुष्कळांची सुटका झाली.

वडील आयसीयूत आहेत. माझा प्रवास ‘अनावश्यक’ कसा?

या प्रश्नाला मला कधीच नीट उत्तर देता आलेलं नाही. सरकारने ‘आवश्यक’ म्हणजे काय याची यादी दिली नाही. ठरवायचं तुम्हीच. एप्रिल-मे २०२१ मध्ये, पुण्या-मुंबईत ऑक्सिजन बेडसाठी फोन फिरवले जात होते त्या दिवसांत, इथल्या कितीतरी घरांत रात्री हाच हिशेब चालू होता. भाऊ म्हणतो ये, वहिनी म्हणते येऊ नकोस, आईला काही सांगितलेलंच नाही.

पण तुमच्या मनाने दिलेलं उत्तर विमा कंपनीवर बंधनकारक नसतं. कलमात ‘अनावश्यक प्रवास टाळा असा इशारा असेल तर’ एवढंच असतं. तुमचं कारण किती मोठं होतं याला तिथे रकाना नाही. अंत्यसंस्काराला गेलात की समुद्रकिनाऱ्यावर, कलम सारखंच लागतं.

म्हणून अशा वेळी जायचं की नाही हे विम्यावरून ठरवू नका. ते तुम्ही ठरवणारच आहात आणि बहुतेक जण जातातच. विम्याबाबत करायचं ते एवढंच : इशारा असतानाही साथीच्या आजारासकट संरक्षण देणारी पॉलिसी मिळते का, ते त्याच दिवशी बघा. २०२० च्या शरद ऋतूपासून अशा पॉलिसी कॅनडात बाजारात आल्या होत्या. काही विमान कंपन्या तर तिकिटाबरोबर फुकट देत होत्या. मर्यादा कमी असायची, मुदतही छोटी, पण काहीच नसण्यापेक्षा फार बरं.

कॅनडाने भारताची विमानंच बंद केली होती. तो खर्च विम्यातून मिळाला का?

२२ एप्रिल २०२१ ला कॅनडाने भारत आणि पाकिस्तानातून येणारी थेट प्रवासी विमानं थांबवली आणि भारताची थेट २७ सप्टेंबरपासून पुन्हा सुरू केली. मधल्या काळात यायचं असेल तर तिसऱ्या देशात थांबून तिथे कोविडची चाचणी करून घ्यावी लागे. कुणी मालदीवला उतरलं, कुणी सर्बियाला, कुणी मेक्सिकोला. तिथल्या हॉटेलांचा, चाचण्यांचा आणि जादा तिकिटांचा खर्च बहुतेकांनी स्वतःच सोसला. इशारा संपूर्ण जगाला लागू होता. म्हणजे तो तिसरा देशही त्याच इशाऱ्याखाली होता. टोरांटोला उतरल्यावर ऑगस्टपर्यंत तीन रात्रींचं सक्तीचं हॉटेल वेगळं. विलगीकरणाचा खर्च हा आजारपणाचा खर्च नव्हे, अशीच कंपन्यांची भूमिका होती. आता काही पॉलिसींत विलगीकरणाचा रोजचा भत्ता स्वतंत्र ओळीत लिहिलेला दिसतो. पण तो सहसा तुमची स्वतःची चाचणी पॉझिटिव्ह आली तरच मिळतो, सरकारने सगळ्यांनाच हॉटेलात ठेवलं तर नाही.

आई-बाबा सुपर व्हिसावर (आई-वडिलांना इथे जास्त काळ राहता येणारा व्हिसा) इकडे येणार आहेत. भारतावर इशारा असेल तर त्यांच्या विम्याचं काय?

निवांत राहा, निदान या बाबतीत. कॅनडाचे इशारे कॅनडातून बाहेर जाणाऱ्यांसाठी असतात. आई-बाबा उलट दिशेने येतायत. त्यांचा ‘व्हिजिटर्स टू कॅनडा’ विमा भारतावरच्या इशाऱ्याने बिघडत नाही.

त्यांच्यासाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या. सुपर व्हिसाला किमान १,००,००० डॉलरचा, एक वर्षाचा विमा लागतो. उपचार, हॉस्पिटल आणि मायदेशी परत नेण्याचा खर्च त्यात हवा. पूर्वी तो कॅनडातल्या कंपनीचाच लागायचा. २८ जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो, मात्र त्या कंपनीला कॅनडाच्या वित्तीय नियामकाची परवानगी हवी. ही अट न बघता भारतातून स्वस्त पॉलिसी घेऊन अर्जाला जोडणारे आहेत.

साथीच्या दृष्टीने तीन ठिकाणी बोट ठेवा. साथीचा आजार सरसकट वगळलाय का. आई-बाबा इथे पोहोचल्यावर विमा घेतला तर आजारपणासाठी थांबण्याचा काळ किती, कारण तो ४८ तासांपासून आठवड्यापर्यंत असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप येतो. आणि आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब ‘स्थिर’ असण्याची अट किती दिवसांची. बाबांच्या डॉक्टरांनी निघण्याच्या आदल्या महिन्यात गोळी बदलली असेल, तर तो आजार स्थिर धरला जात नाही. अनुभवाने सांगतो, साथींपेक्षा या बदललेल्या गोळ्यांनी जास्त क्लेम बुडवलेत.

नायगारा बघताना पूल ओलांडून अमेरिकेच्या बाजूला जाणार असाल, तर तेवढ्यापुरता देश बदलतो. अशा छोट्या सहलींना बहुतेक पॉलिसी अटींसह मान्यता देतात. त्या अटी बघा.

क्रेडिट कार्डवर विमा आहे. मग वेगळा कशाला?

कारण तो भारतवारीला पुरत नाही. अनेक कार्डांवर उपचारांचं संरक्षण पहिल्या १५ ते २५ दिवसांचं असतं आणि ६५ वर्षांवरच्यांना तीन-चार दिवस किंवा शून्य. आपली ट्रिप पाच आठवड्यांच्या खाली कधी असते? शिवाय इशाऱ्याचं कलम कार्डाच्या पॉलिसीतही असतंच.

ओहिप (ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) आहे ना?

आहे, पण नावापुरतं. बाहेरच्या देशात भरती झालात तर ओंटारिओ दिवसाला जास्तीत जास्त २०० डॉलर देतं, अतिदक्षता विभागासारख्या उपचारांना ४००. ब्रिटिश कोलंबिया ७५ डॉलर. अमेरिकेतल्या हॉस्पिटलात एवढ्यात काय येतं ते तिथे जाऊन आलेल्यांना विचारा. ओंटारिओ सरकारने तर १ जानेवारी २०२० पासून हे पैसे देणंच बंद केलं होतं, म्हणजे साथीच्या तोंडावर. हिवाळा फ्लोरिडात काढणाऱ्या ज्येष्ठांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तो निर्णय रद्द झाला. एक मात्र खरं, सरकारी आरोग्य विमा इशारा बघत नाही. जे तुटपुंजं देतो ते इशारा असला तरी देतो.

पॉलिसीवर ‘कोविड समाविष्ट’ लिहिलंय. झालं ना?

अर्धं झालं. त्याखाली बारीक अक्षरांत काय आहे? काही ठिकाणी कोविडपुरती मर्यादा मूळ रकमेपेक्षा कमी होती. लस न घेतलेल्यांना काही कंपन्यांनी आणखी कमी रक्कम ठेवली. आणि पुढची साथ कोविडची असेलच असं नाही. ‘कोविड’ हा शब्द असलेली पॉलिसी नव्या विषाणूला लागू पडेल याची खात्री नाही. ‘महामारी’ किंवा ‘साथ’ असा व्यापक शब्द आहे का ते बघा.

क्रूझला जायचंय.

क्रूझचा इशारा वेगळा असू शकतो. योकोहामाला अडकलेली ‘डायमंड प्रिन्सेस’ आठवत असेल, सुमारे ३,७०० माणसं आणि त्यांतल्या ७०० हून अधिक जणांना लागण. कॅनडाने ९ मार्च २०२० लाच, म्हणजे जागतिक इशाऱ्याच्या चार दिवस आधी, क्रूझ टाळा म्हणून सांगितलं. तो इशारा उठला थेट ७ मार्च २०२२ ला, बाकीच्या प्रवासाच्या नंतर. देशाचं पान हिरवं दिसलं म्हणून जहाजही हिरवं असेल असं समजू नका.

देशाच्या एकाच भागावर इशारा असेल तर?

तर तो त्या भागापुरता. भारताच्या पानावरच बघा : साथ नसतानाही जम्मू-काश्मीर आणि पाकिस्तान सीमेलगतचा पट्टा यांवर कॅनडाचे कडक इशारे आहेत. पुण्याला आलात तर काही नाही. पुण्याहून नातेवाईकांबरोबर आठवडाभर श्रीनगर-गुलमर्ग करून आलात, तर त्या आठवड्याचं संरक्षण तपासून घ्या. सहल कंपनीला याची काही कल्पना नसते, तिचे बहुतेक प्रवासी भारतीय पासपोर्टवाले.

भारतातून घेतलेल्या पॉलिसीला कुठल्या सरकारचा इशारा लागतो?

तो पॉलिसीच सांगते. काहींत भारत सरकारचा, काहींत जिथे जायचं त्या देशाचा, काहींत दोन्ही. विद्यार्थ्यांनी हे एकदा वाचावं. भारताने ११ मार्च २०२० ला व्हिसा आणि ओसीआय कार्डावरचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) प्रवेश थांबवला, ती गोष्ट निराळी. ती बंदी होती. दारच बंद असेल तर उपचारांच्या विम्याचा प्रश्नच येत नाही, रद्द करण्याच्या विम्याचा येतो.

क्लेम नाकारला. पुढे?

फोनवरच्या नकारावर थांबू नका. नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली ते त्यात हवं. मग कंपनीच्या अंतर्गत तक्रार विभागाकडे जा आणि त्यांचं अंतिम पत्र घ्या. ते हातात आल्यावर आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या लोकपाल सेवेकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. बॉर्डिंग पास, तिकीट घेतल्याची तारीख, पॉलिसीची तारीख, आणि निघण्याच्या दिवशीच्या सरकारी पानाचा दिनांकासह स्क्रीनशॉट, एवढं एका फोल्डरमध्ये हवं. सरकारी पान नंतर बदलतं. त्या दिवशी तिथे काय लिहिलं होतं हे तुम्हालाच दाखवावं लागू शकतं.

निघण्यापूर्वी विमा कंपनीला फोनवर काय विचारू?

निघण्याच्या आदल्या दिवशी विचारा, महिनाभर आधी नाही. ‘मी उद्या अमुक देशात जातोय, मध्ये अमुक विमानतळावर थांबणार आहे. या दोन्ही ठिकाणी आज कॅनडाचा तिसऱ्या किंवा चौथ्या पातळीचा इशारा आहे का? असेल, तर तुमचं कलम फक्त त्या कारणाच्या आजाराला लागतं की सगळ्यालाच? मी तिकडे असताना इशारा आला, तर किती दिवसांत परत यायचं?’ उत्तर ऐकून झालं की फोनवरच्या माणसाचं नाव आणि कॉलचा संदर्भ क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक भारतातल्या घरच्यांनाही पाठवून ठेवा, कारण हॉस्पिटलातून फोन करायची वेळ आली तर तो फोन बहुधा तुम्ही करणार नसता.